फळ्यावर राहिलेलं उत्तर

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट जाड आहे म्हणून छातीवर हात ठेवू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हिचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यावरून ही कुरकुरते, एवढंच. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरून घेतेस, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. कानाचं यंत्र कपाटात ठेवून कान सुधारत नाहीत, हेही या निमित्ताने लेखी कळवतो.

तुझा लेक मध्यंतरी भेटला होता. तब्येत छान आहे, खांद्यात भरलाय. ठेकेदाराकडे त्याचं बरं चाललंय. काळजी करू नकोस.

आता माझ्या वर्गाचं ऐक. अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर मी टाक्या साफ करणाऱ्या माणसांना शिकवायला लागलो, हे तुला माहीतच आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या, जमिनीखालचे हौद, खड्डे. सुरुवातीला मी नुसतं भाषण ठोकायचो. रात्रपाळी करून आलेली माणसं उघड्या डोळ्यांनी झोपायची आणि मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहायचो. मग तुझी, शाळेतल्या तुझ्या वर्गाची आठवण झाली. तू म्हणाली होतीस, 'तू बोलू नकोस, विचार. विचारून झालं की तोंडाला कुलूप घाल, शांतता झाली तरी घाबरू नकोस. येईल ते उत्तर फळ्यावर लिही, कुणालाही चूक म्हणू नकोस. सगळे बोलले की मग एकेक उत्तर सोलायला घे. चूक असेल तर ती त्यांची त्यांनाच सापडते.'

खरं सांगतो, जादू झाली. जन्मात तोंड न उघडलेली माणसं चहाच्या सुट्टीतही भांडू लागली. एकदा मी विचारलं, टाकीत घाण वास येत नसेल तर उतरायला हरकत नाही ना? निम्म्यांनी हो म्हटलं. तेव्हा एक म्हातारा कामगार उठून म्हणाला, 'तो वायू थोडा असला की नाक झोंबतं. जास्त झाला की नाकच मरतं. वास येत नाही तेव्हाच पळायचं.' मी हेच चार महिने घसा फोडून सांगत होतो, कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्याने सांगितलं आणि एका झटक्यात शिरलं. दुसऱ्या ठेकेदारांकडूनही मला बोलावणी यायला लागली. तुझ्या भावाला या वयात भाव आला म्हण.

तर मागच्या आठवड्यातली गोष्ट. वर्गाच्या शेवटी मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. तुमचा जोडीदार टाकीत उतरलाय, तुम्ही वर तोंडाशी आहात. हाक मारली, ओ आली नाही. डोकावून पाहिलं तर तो तळाशी आडवा. काय कराल? उत्तरं येऊ लागली. बोंब मारू. साहेबाला फोन करू. पाणी मारू. एकजण म्हणाला, 'त्याच्या बायकोला काय सांगायचं ते ठरवू,' त्यावर हशा झाला. मग मागच्या बाकावरून एकजण उभा राहिला. म्हणाला, 'मी उतरणार. तो खाली मरतोय आणि मी वर उभा राहून बघू काय?' सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. मी ते उत्तर मोठ्या अक्षरात फळ्याच्या मधोमध लिहिलं आणि आता सोलायला घेणार, तेवढ्यात सुपरवायझर दारात. कामाची तारीख अलीकडे आलीय, गाडी उभी आहे, आवरा. माणसं उठली. नेहमीप्रमाणे त्यांनी फोनमध्ये फळ्याचे फोटो काढले आणि गेली. मीच त्यांना फोटोची सवय लावली होती.

त्यात भिण्यासारखं काय, असं तुला वाटेल. ताई, ते उत्तर सगळ्यात वाईट आहे. दलात असताना आम्हाला वर्दी यायची, टाकीत एक माणूस पडलाय. जाऊन बघावं तर तिघे-चौघे एकावर एक. पहिला वायूने पडलेला असतो. बाकीचे त्याला काढायला उतरलेले असतात, आणि दोन श्वासांत तेही आडवे. पहिला वाचत नाही तो नाहीच. खरं उत्तर असं आहे की कुणीही उतरायचं नाही. ओरडायचं, ब्लोअरने आत हवा सोडायची, त्याच्या पट्ट्याला दोर असेल तर वरूनच ओढायचं, आणि पाठीवर हवेचं सिलिंडर घेतलेली माणसं येईपर्यंत वर उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं. हे शिकवायला मला नेहमी एक तास लागतो, आणि तो तासच राहिला.

टाळ्या वाजल्या तेव्हा मीही 'शाबास' म्हणालो असं मला आठवतं. आठवतं कसलं, म्हणालोच.

तुला विचारायचं ते हे, की शाळेत तुझं असं कधी झालं होतं का? चुकीचं उत्तर फळ्यावर राहिलं आणि घंटा झाली, मध्ये सुट्टी लागली? पोरं ते विसरायची का? विसरत असतील तर तसं कळव. मला सध्या जेवण जात नाही.

हिचा नमस्कार.

तुझा धाकटा

*

ता. १३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मी एवढं मोठं चऱ्हाट लिहिलं आणि तू एकच ओळ पाठवलीस, 'ते उत्तर कुणी दिलं?' शाळा सुटली पण मास्तरीण सुटली नाही. दोन दिवस मी ती ओळ खिशात घेऊन फिरलो. ताकाला जाऊन भांडं लपवायला मला कधीच जमलं नाही, आणि तुझ्यापासून तर नाहीच.

तुझ्या लेकाने दिलं.

तो ठेकेदाराच्या गोदामात दोर आणि मुखवटे सांभाळतो असं तू समजतेस. सुरुवातीला खरंच सांभाळत होता, मीच तिथे चिकटवलं होतं. पण पावसाळ्यानंतर तो टोळीत गेला. टाकीत उतरणाऱ्या टोळीत. मला म्हणाला, 'मामा, मी दोर मोजत बसतो आणि ते बांधून दुसरे उतरतात, मला लाज वाटते. आईला सांगू नका, ती जेवणार नाही.' मी खूप समजावलं. शेवटी म्हटलं, निदान माझ्या वर्गात बस. वर्गात तो मला 'सर' म्हणतो, नातं कुणाला माहीत नाही. तुला न सांगण्यात माझी चूक झाली. रागव, पण पत्र पुढे वाच.

तूच मला सांगितलं होतंस की चूक न म्हणायचा हा नियम तू त्याच्यामुळे केलास. सहा वर्षांचा असताना तो तुझ्याच वर्गात होता. त्याने काहीतरी उत्तर दिलं आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, 'चूक, बस खाली.' स्वतःच्या मुलाला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून तू जरा कडकच बोललीस. त्यानंतर दहावी होईपर्यंत त्याने कुठल्याच वर्गात तोंड उघडलं नाही. तो पोरगा, आता सव्वीस वर्षांचा घोडा, त्या दिवशी आपण होऊन उभा राहिला. कान लाल झाले होते. आवाज फुटत नव्हता, पण बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो हसला आणि खाली बघायला लागला. ताई, त्या क्षणी मी कसला प्रशिक्षक, मी निव्वळ मामा होतो. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. सुपरवायझर आला नसता तर सोललं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण 'शाबास' मी सुपरवायझर यायच्या आधी म्हणालो.

त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार बसतो, टोळीत त्याला गवई म्हणतात, कारण खाली उतरल्यावर तो गातो. आवाज भसाडा आहे, पण गाणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक आहे असं वरच्याला कळतं, म्हणून कुणी त्याला गप्प करत नाही. दोघे एका खोलीत राहतात. टाळ्या थांबल्यावर हा गवई म्हणाला, 'ऐकलं ना सगळ्यांनी? आता मला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका.'

त्याच दिवशी गाडी त्यांना घेऊन गेली. दूरच्या एका रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत, महिनाभराचं काम. आत फोन नेऊ देत नाहीत, फाटकावर जमा करून घेतात. संध्याकाळी लावावा तर लागत नाही. ठेकेदाराकडे गेलो. म्हटलं, माझा वर्ग अर्धवट राहिलाय, मला त्या माणसांशी तासभर बोलू द्या. तो म्हणाला, 'सर, वर्ग झाला म्हणून तुमचीच सही आहे. आता आणखी काय चर्चा करायची राहिली?' मी सांगितलं काय राहिलंय ते. त्याने मान डोलावली आणि मला चहा पाजून वाटेला लावलं.

मग मुकादमाचा फोन लागला, तो फाटकाबाहेर राहतो. त्याला म्हटलं, माणसांना एवढा निरोप द्या की पडलेल्याच्या मागे कुणी उतरायचं नाही. तो हसायला लागला. 'अहो सर, तुमचा धडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. रोज सकाळी टाकी उघडली की मी ओरडतो, जोडीदार पडला तर? आणि सगळी टोळी एका सुरात ओरडते, उतरायचं! अंगात कसा जोर येतो माणसांच्या.' तो मला खूश करायला सांगत होता. मी पुढचं न ऐकताच फोन बंद केला. पुन्हा लावला आणि त्याला समजावलं. तो 'बरं बरं' म्हणाला. बरं बरं म्हणणारा माणूस काय करतो ते तुला मी सांगायला नको.

तू विचारलं नाहीस, पण मीच सांगतो. पोरं विसरत नाहीत. मी दिलेली बरोबर उत्तरं लोक आठवड्यात विसरतात. हे मात्र त्यांनी स्वतः दिलं, त्यावर टाळ्या वाजवल्या, ते कशाला विसरतील.

उद्या सकाळच्या गाडीने मी तिकडे जातोय. हिला कामासाठी जातो एवढंच सांगितलंय. तू त्याला काही लिहू नकोस. तुला कळलं असं समजलं तर तो मला भेटायचाही नाही.

तुझा भाऊ

*

ता. १७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल परत आलो. आधी तुला हवं ते सांगतो. तो ठणठणीत आहे, दोन वेळ जेवतोय, हाताला जरा खरचटलंय तेवढंच.

फाटकावर पहिला दिवस वाया गेला. रखवालदाराला आत कळवायला सांगितलं, त्याने मला बाकावर बसवलं आणि स्वतः पेपर वाचत बसला. दुसऱ्या दिवशी मी माझं दलातलं जुनं ओळखपत्र दाखवलं आणि जरा आवाज चढवला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीपुरतं आत सोडलं.

टाकी आपल्या जुन्या घराएवढी असेल, जमिनीत. वरून काँक्रीट आणि त्यात एक गोल तोंड, एक माणूस जेमतेम मावेल असं. आधी सगळं तपासलं. ब्लोअर होता, चालू होता. वायू मोजायचं यंत्र होतं. पट्टे होते, दोर होते. गवईच्या पट्ट्याला दोर नव्हता. विचारलं तर म्हणाला, 'खाली ढवळायची पाती आहेत, दोर त्यात अडकतो, काम होत नाही.' त्याला मी झाडलं. मुकादमालाही झाडलं. दोघे हो म्हणाले.

माणसं भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसली होती. मी मधे उभा राहिलो आणि तोच प्रश्न विचारला. प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे ओरडले, 'उतरायचं!' आणि हसले, माझ्याकडे कौतुकाने बघत. तुझा लेकही हसत होता. मुकादमाने तर मला डोळा मारला.

ताई, सोलायला वेळ नव्हता. अर्धा तास होता आणि त्यातला निम्मा फाटकावरच गेला होता. मी त्याच्याकडे बघून, सगळ्यांसमोर म्हणालो, 'चूक. हे उत्तर चूक आहे. त्या दिवशी मी तसं सांगायला हवं होतं, मी शाबास म्हणालो, तीही चूक.' मग दलात पाहिलेलं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. कोण कसे पडले होते, कुणाचा हात कुणाच्या शर्टात होता, सगळं. डबे तसेच राहिले.

तुझ्या लेकाचा चेहरा बंद झाला. तुला तो चेहरा माहीत आहे. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते, तो भाकरीकडे बघत होता.

गवई मात्र पेटला. म्हणाला, 'म्हणजे सर, मी खाली पडलो तर हा वर उभा राहणार?' मी म्हटलं, 'हो.' 'मी दिसत असलो तरी?' 'दिसत असलास तरी. आणि तू वर असशील आणि हा खाली, तर तूही उभाच राहायचं.' त्याने ते मनावर घेतलं नाही, जोडीदाराकडे वळला. 'काय रे, बघत राहशील?' थट्टेत विचारलं, पण उत्तर हवं होतं त्याला. सगळ्यांनाच हवं होतं. मी तोंडाला कुलूप घातलं, तू शिकवलंस तसं. थांबलो. खूप वेळ थांबलो. तुझ्या लेकाने डबा बंद केला, उठला आणि नळावर हात धुवायला गेला. तेवढ्यात भोंगा वाजला.

निघताना त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, चल माझ्याबरोबर, हे काम सोड, गोदाम नको असेल तर दुसरं बघू. तो म्हणाला, 'आणि गवईला कुणाच्या भरवशावर सोडू?' मी म्हटलं, मग मला सांग, तू काय करशील?  तो माझी पिशवी उचलून फाटकापर्यंत आला आणि परत गेला.

इतकी वर्षं मी आगीत शिरलो, तेव्हा भीती वाटायला सवड नसायची. आता खुर्चीत बसून पाचावर धारण बसलीय. फोन वाजला की ही उचलते, मी दुसऱ्या खोलीत जातो. त्याने उतरणार म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. नाही म्हटलं असतं तर झोपलो असतो. तो काहीच म्हणाला नाही, आणि त्याच्या मनात काय आहे ते तुला तरी कळतं का? तू आई आहेस म्हणून विचारतो. तुला काय वाटतं, तो काय करील?

लगेच लिही. एक ओळ लिही, पण लिही.

तुझा भाऊ

*

ता. २२ फेब्रुवारी

ताई,

तुझा लेक जिवंत आहे. तो माझ्या घरी आहे, आतल्या खोलीत. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढे जा.

परवा दुपारी मुकादमाचा फोन आला. म्हणाला, 'सर, टाकीत माणूस गेला.' मी विचारलं, 'कोण?' तो रडत होता, त्याला नाव सांगायला वेळ लागला. तेवढ्या वेळात माझं काय झालं ते लिहिता येणार नाही. मग तो म्हणाला, 'गवई.' आणि ताई, मला बरं वाटलं. एक तरुण पोरगा मेला होता, पाचच दिवसांपूर्वी मी त्याच्याशी बोललो होतो, आणि मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकून खाली बसलो. हे हिलाही सांगितलं नाही. तुला सांगतो कारण तुलाही आत्ता तसंच वाटत असेल.

झालं ते मुकादमाकडून आणि टोळीतल्या माणसांकडून कळलं. गवईने सकाळी दोर बांधला होता, दुपारी खाली पात्यांत अडकला म्हणून पट्ट्याचा सोडला. तळाचा घट्ट गाळ फोडताना खालून वायू सुटला असणार. गाणं बंद झालं. तुझा लेक तोंडाशी होता. त्याने हाक मारली, ओ नाही. डोकावला. गवई दिसत होता, आडवा, तोंड वर. हात हलत होता असं सगळे म्हणतात.

बाकीचे धावत आले. माझा पाव तासाचा धडा कुणाला आठवणार, जिभेवर जुनंच होतं. दोघे उतरायला निघाले. तुझा लेक त्या गोल तोंडावर आडवा पडला. अक्षरशः पडला, छाती आणि पोटाने ते तोंड झाकून. ब्लोअरची नळी त्याने काखेतून आत सोडली होती. एकाने त्याच्या पाठीत लाथा घातल्या. दुसऱ्याने केस धरून ओढलं. तो ओरडत होता, 'कुणी उतरायचं नाही, दलाला फोन लावा.' मुकादमाने फोन लावला. त्या गावचं दल यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तो तसाच पडून होता, ताई, तोंड खाली करून. सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती, त्याला एकट्याला खालचं दिसत होतं. हात केव्हा हलायचा थांबला ते त्यालाच माहीत.

दलाचा अधिकारी मला फोनवर म्हणाला, 'तुमच्या माणसाने दोन जीव वाचवले, कदाचित जास्तच. फार चांगलं प्रशिक्षण आहे.' मी 'आभारी आहे' म्हणून फोन ठेवला.

काल आम्ही गवईच्या आईकडे गेलो. मी एकटाच जाणार होतो, तर तुझा लेक चपला घालून दारात उभा राहिला. ती बाई शांत होती. आम्हाला बसायला दिलं. याचे ओठ फुटलेत, मानेवर ओरखडे आहेत, ते ती बघत राहिली. मग तिने विचारलं, 'तू त्याच्याबरोबर होतास ना?' हा म्हणाला, 'हो.' 'कुठे होतास?' 'वर होतो.' ती पुढे काहीतरी विचारील म्हणून मी श्वास रोखून बसलो. मला उत्तर येत होतं, मी ते नीट समजावून सांगितलं असतं.  ती उठून आत गेली आणि बाहेर आली नाही.

घरी आल्यापासून तो बोलतो आहे. म्हणून ही म्हणते, बोलतोय ना, म्हणजे सावरेल. पण तो एकच बोलतो. जेवताना, दाढी करताना, मी दिवा लावायला गेलो तरी. 'मामा, बरोबर होतं ना?' मी म्हणतो, 'बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर.' तो मान हलवतो. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो, जणू मी आधी काही सांगितलंच नाही. मी दुसऱ्या शब्दांत सांगून पाहिलं, दलातली उदाहरणं देऊन पाहिली, ओरडून पाहिलं. काल मी नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो, तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्यासाठीच पुन्हा विचारलं, जरा सावकाश, मला ऐकू गेलं नसेल म्हणून.

तू ये. पत्र मिळताच नीघ, कुणाला तरी बरोबर घे. तो तुलाही विचारील. काय सांगायचं ते मी तुला सांगू शकत नाही, मला ते जमलेलं नाही. एवढंच सांगतो, मला भीती तुझ्या उत्तराची नाही, तुझ्या चेहऱ्याची आहे. दार उघडल्यावर तुला तो धडधाकट समोर दिसेल आणि तुझा चेहरा उजळेल, कुठल्या आईचा उजळणार नाही. तो त्याला दिसू देऊ नकोस. जिन्यात बसून पोटभर आनंद कर, डोळे पूस आणि मग बेल वाजव.

मी खाली फाटकाशी उभा असेन.

तुझा भाऊ